दर सेशनला मोजा आणि त्याच सेशनला त्यावर बोला: समुपदेशकांसाठी पायरीपायरीने

समुपदेशकांचं सुपरव्हिजन करताना, म्हणजे त्यांच्या कामावर त्यांच्यासोबत नजर टाकताना, मी खूप फायली उघडते. पीएचक्यू-९ चा, म्हणजे नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांचा फॉर्म जवळपास प्रत्येक फायलीत सापडतो. एक पहिल्या भेटीतला, एक मधल्याच कुठल्यातरी भेटीतला आणि केस बंद करताना भरलेला शेवटचा. बेरीज कोपऱ्यात नीट लिहिलेली असते. सेशनच्या नोंदींत मात्र त्या आकड्याचा कुठे उल्लेख नसतो. फॉर्म भरणाऱ्याशी त्यावर कोणी बोललेलं नसतं, आणि आकडा पाहून उपचारात काही बदललेलंही नसतं.

ॲप, व्हिडिओ सेशन, चॅट असं बरंच काही नवीन आलं आहे. पण दर सेशनला लक्षणं मोजणं, आकडा पाहून लगेच बोलणं आणि गरज पडली तर कामाची दिशा बदलणं ही गोष्ट अगदी दोन खोल्यांच्या केंद्रातही पुढच्या सोमवारपासून सुरू करता येते. लोक चुकतात ते बहुतेक क्रमात, म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे. नैराश्य आणि चिंतेसाठी प्रौढांसोबत काम करणाऱ्यांसाठी तो आहे. मुलांसाठी किंवा सायकोसिससाठी (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटतं त्या आजारासाठी) मापनं वेगळी लागतात.

मोजायचं कशासाठी, ते थोडक्यात सांगते. "मला अनुभवाने कळतं" असं आपण सगळेच म्हणतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात थेरपिस्टना विचारलं होतं, की तुमच्या क्लायंटपैकी कोणाची अवस्था शेवटी सुरुवातीपेक्षा बिघडलेली असेल. ५५० जणांमधून त्यांनी ३ जण सांगितले. प्रत्यक्षात ४० जण बिघडले, आणि त्या तिघांपैकी एकाच्याच बाबतीत अंदाज खरा ठरला. बिघडणारा माणूस बरेचदा "बरं आहे मॅडम" म्हणत उठतो आणि पुढच्या वेळी येतच नाही. मोजणं मुख्यतः त्याच्यासाठी आहे. सगळ्या क्लायंटचा सरासरी हिशोब केला तर फायदा लहानच दिसतो, हे आधीच सांगते. आकडा वाचून जो आपलं काम बदलतो, त्याच्या हाताला गुण येतो.

## पायरी १: मापनं दोनच ठरवा

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ घ्या. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण (० म्हणजे मुळीच नाही, ३ म्हणजे जवळजवळ रोज), बेरीज ० ते २७. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र आणि २० पासून तीव्र धरतात. चिंतेसाठी जीएडी-७ घ्या. सात प्रश्न, बेरीज ० ते २१, टप्पे ५, १० आणि १५. दोन्ही वापरायला पैसे पडत नाहीत आणि दोन्हींची मराठी भाषांतरं तयार आहेत.

पाच-सहा मापनं एकदम सुरू करू नका. चाळीस प्रश्नांचा गठ्ठा हातात दिला की तिसऱ्या आठवड्यापासून माणूस न वाचता टिक करायला लागतो.

भाषांतराला आपला हात लावू नका. एका केंद्रात कोणीतरी चांगल्या हेतूने नववा प्रश्न सौम्य करून "मनात वाईट विचार येतात का?" असा केला होता. आपल्याकडे वाईट विचार म्हणजे काहीही असू शकतं: शेजारणीबद्दलचा राग, मुलाला अपघात होईल ही भीती, देवाला जाताना मनात आलेलं काही. एकीने ३ वर टिक केली, कारण तिला सासूबद्दल वाईट विचार येत होते. दुसरीने ० वर केली, कारण मरून जावंसं वाटणं तिच्या लेखी वाईट विचार नव्हताच, ती सुटका होती. मूळ प्रश्न मरण्याबद्दल आणि स्वतःला इजा करण्याबद्दल थेट विचारतो. तो तसाच राहू द्या. थेट विचारल्याने कोणाच्या डोक्यात हा विचार नव्याने शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणसाचा श्वास मोकळा होतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

इशारा: पीएचक्यू-९ चा आकडा म्हणजे निदान नव्हे. बाळंतपणानंतरचा थकवा, ताजा दुखवटा किंवा दीर्घ आजार यांतही तो वर जातो.

## पायरी २: नवव्या प्रश्नाचा आराखडा आधी, फॉर्म नंतर

पहिला फॉर्म वाटण्याआधी एका कागदावर हे लिहून भिंतीला लावा:

१. नवव्या प्रश्नाला ० सोडून काहीही उत्तर आलं तर त्याच भेटीत, सगळ्यात आधी, कोण बोलणार.
२. धोका जास्त वाटला तर कोणत्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन करायचा. ते न मिळाल्यास जवळचं कोणतं सरकारी किंवा खासगी रुग्णालय.
३. घरच्या कोणाला कळवायचं आणि त्यासाठी क्लायंटची संमती कशी घ्यायची.
४. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तातडीसाठी ११२.

नवव्या प्रश्नात "मेलेलं बरं" असं वाटणं आणि स्वतःला इजा करावीशी वाटणं, दोन्ही एकत्र विचारलेलं आहे. त्यामुळे १ दिसला म्हणून घाबरायचं नाही आणि सोडायचं तर मुळीच नाही. साध्या शब्दांत पुढे विचारा: जगणं नकोसं वाटतं की जीव द्यावासा वाटतो? कसं, कधी, असं काही मनात ठरवलं आहे का? त्यासाठी लागणारं काही घरात आहे का? याआधी कधी प्रयत्न झाला होता का?

शेतकरी घरात शेवटून दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. फवारणीचं औषध पडवीत, हाताशी असतं. "ते औषध आज संध्याकाळपासून कोणाच्या ताब्यात ठेवायचं?" एवढं एक ठरवून माणसाला घरी पाठवणं, हे अर्ध्या तासाच्या समजावणीपेक्षा जास्त कामाचं आहे. तसंच गोळ्यांच्या पाकिटांचं.

तपासणी: केंद्रातल्या प्रत्येकाला, फॉर्म देणाऱ्या ताईंनासुद्धा, हा कागद न पाहता सांगता येतो का? येत नसेल तर फॉर्म वाटायची वेळ अजून आलेली नाही.

## पायरी ३: कागद, जागा आणि माणसं

पॅड, पेन आणि थोडी आडोशाची खुर्ची. फॉर्मला दोन-तीन मिनिटं लागतात, म्हणून क्लायंटला दहा मिनिटं आधी बोलवा. फॉर्मवर नाव न लिहिता केस नंबर लिहा.

रिसेप्शनवर बसणाऱ्यांना तीन गोष्टी पक्क्या सांगा. प्रश्न बाहेर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे नाहीत. सोबतच्या नातेवाइकाला भरू द्यायचे नाहीत. आणि भरलेला फॉर्म थेट समुपदेशकाच्या हातात द्यायचा, फायलीत नाही.

गोपनीयता मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे क्लायंटचा हक्क आहे, आणि स्वतःची कागदपत्रं पाहण्याचाही. तेव्हा नोंदी लिहिताना, उद्या ती व्यक्ती हे वाचणार आहे असं धरूनच लिहा. फॉर्मचे फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकणं ताबडतोब बंद करा. "फक्त आपल्या टीमचाच ग्रुप आहे" हे कारण चालणार नाही.

## पायरी ४: पहिल्या भेटीत नीट समजावून सांगा

बहुतेक ठिकाणी फॉर्म हातात देताना एवढंच म्हटलं जातं: "हे जरा भरून द्या." माणसाला वाटतं, हीसुद्धा आधार कार्डाच्या झेरॉक्ससारखी काहीतरी पूर्तता आहे. मी साधारण असं सांगते:

"दर वेळी आपण बसण्याआधी तुम्ही हा कागद भराल. तापात आपण थर्मामीटर लावतो ना, तसंच. ताप उतरला नाही तर पेशंटचं चुकलं असं कोणी म्हणत नाही, डॉक्टर औषध बदलतात. इथेही आकडा उतरला नाही, तर मी माझी पद्धत बदलायची. म्हणून मला बरं वाटावं म्हणून कमी लिहू नका, आणि तुमचं दुखणं मला कळावं म्हणून जास्तही लिहू नका. आणि हा कागद तुम्ही सांगितल्याशिवाय घरच्यांना दाखवला जाणार नाही. फक्त तुमच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, तर मी तुमच्याशी बोलून मदत बोलावेन."

शेवटचं वाक्य विसरू नका. गोपनीयतेची मर्यादा आधी न सांगता नंतर घरी फोन केला, तर तो माणूस तुमच्याकडे परत येणार नाही, आणि बहुधा दुसऱ्या कोणाकडेही जाणार नाही.

## पायरी ५: फॉर्म सेशनच्या आधी भरून घ्या

सेशन संपल्यावर फॉर्म दिला तर मन मोकळं झालेलं असतं आणि समोर बसलेल्या ताईंना बरं वाटावं अशी इच्छाही असते. आकडा खाली येतो आणि तो खरा नसतो.

प्रश्न "गेल्या दोन आठवड्यांत" असा आहे. आपण आठवड्याला भेटतो म्हणून त्याचं "या आठवड्यात" करू नका. दोन फॉर्ममधले सात दिवस सामाईक राहतात, त्यामुळे बदल थोडा उशिरा दिसतो. तेवढं लक्षात ठेवून वाचलं की झालं.

वाचता येत नसेल किंवा चष्मा विसरला असेल तर खोलीत, एकांतात, जसेच्या तसे शब्द वाचा. "किती दिवस" हे सांगणं अनेकांना जड जातं. मी चार पेल्यांचं चित्र दाखवते: रिकामा, थोडा भरलेला, अर्ध्याच्या वर आणि काठोकाठ. लोक बोट ठेवतात. उत्तर आपण सुचवायचं नाही. "झोप तर लागत नसेलच ना?" असं विचारलं की आकडा आपला झाला, त्यांचा राहिला नाही.

झोपेवरून आठवलं. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका झोपेच्या प्रश्नाला दर वेळी ० लिहायचे. डोळ्यांखाली काळं, बोलताना तोल जाणारा. चौथ्या भेटीला मी त्या शून्यावर बोट ठेवून विचारलं, तर म्हणाले, "गोळी घेतली की लागते ना मॅडम, मग शून्यच की." गोळी संपली की दोन रात्री जागून काढत होते. उत्तर मी खोडलं नाही, शेजारी "गोळीवर" असं लिहिलं आणि गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलण्याचं ठरवलं. असं काही कळलं की उत्तराशेजारी दोन शब्द लिहा. आकडा आपण बदलायचा नाही.

नवरा, सासू किंवा आई खांद्यावरून डोकावत असेल तर भरलेला फॉर्म धरू नका. एका मुलीच्या फॉर्मवर नऊही शून्यं होती आणि पेन तिच्या हातात थरथरत होतं. आत आल्यावर दार लावून कोरा फॉर्म दिला. बेरीज १८ आली.

ऑनलाइन सेशन असेल तर लिंक सेशनच्या दिवशीच पाठवा. आदल्या रात्री पाठवली आणि नवव्या प्रश्नाचं उत्तर रात्रभर कोणी पाहिलंच नाही, असं होता कामा नये. व्हिडिओ सुरू झाल्यावर पहिला प्रश्न "आत्ता कुठे आहात, शेजारी कोणी आहे का?" हा, आणि दुसरा, कॉल तुटला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा.

## पायरी ६: दोन मिनिटं, ठरलेल्या क्रमाने वाचा

१. आधी नववा प्रश्न.
२. मग रिकाम्या जागा. रिकामं म्हणजे शून्य नव्हे. "हा राहिला की सोडला?" असं विचारा. बहुतेक वेळा सोडलेलाच असतो.
३. मग बेरीज. दोनदा करा. घाईत चुकते.
४. मग मागच्या फॉर्मशी ताडून कोणते प्रश्न हलले ते.
५. शेवटी आलेखावर ठिपका. आलेख म्हणजे दर भेटीची बेरीज एका ओळीत दाखवणारा साधा कागद.

नववा प्रश्न आधी पाहायचा हा माझा आग्रह एका प्रसंगातून आला. मी सुरुवातीच्या काळात काम करत होते त्या ठिकाणी एका बाईंची बेरीज १७ वरून ९ वर आली. आम्ही सगळे खूश. फॉर्म बाहेरच बेरीज करून फायलीत लागला. पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत, म्हणून मी फाइल काढली. झोप, भूक, थकवा, सगळं उतरलं होतं, आणि नववा प्रश्न ० वरून २ वर गेला होता. त्याच क्षणी फोन केला. त्या घरी होत्या, बोलल्या, दुसऱ्या दिवशी आल्या. मनाशी काही ठरवलेला माणूस कधीकधी शांत दिसायला लागतो. बेरजेत ते कळत नाही. तेव्हापासून बेरीज माझ्याकडे तिसऱ्या क्रमांकावर आहे.

## पायरी ७: पहिल्या पाच मिनिटांत कागद दोघांच्या मध्ये ठेवा

हीच पायरी सगळ्यात जास्त वेळा गळते. आलेख समोर ठेवा, दोघांना दिसेल असा.

असं म्हणू नका: "अरे वा, स्कोअर कमी झाला, छान!" शाबासकी मिळाली की पुढच्या वेळी माणूस शाबासकीसाठी भरतो. "अजून कमी होत नाही, तुम्ही व्यायाम करता ना?" असंही नको. तो नापास झाला, एवढंच त्याला कळतं.

त्याऐवजी: "मागच्या वेळी १६ होता, आज १२. तुम्हाला हे पटतंय का? घरात काय वेगळं झालं?" आकडा आणि चेहरा जुळत नसेल तर तसं सरळ सांगा: "कागद म्हणतोय बरं आहे, पण तुम्ही आज खूप दमलेल्या दिसता. मी कशावर विश्वास ठेवू?" या एका प्रश्नावर मी लोकांना रडताना पाहिलं आहे, आणि त्यानंतरचं काम खरं झालं.

प्रश्नांचे शब्द आणि माणसाचे शब्द जोडून घ्या. आपल्याकडे "निराश वाटतं" असं फार कमी लोक म्हणतात. जीव लागत नाही, अंगात त्राण नाही, डोकं जड राहतं, छातीत धडधडतं, कशात मन रमत नाही. "तुम्ही मन रमत नाही म्हणता ना, तो हा पहिला प्रश्न" असं दाखवलं की कागद त्यांचा होतो.

तपासणी: आजच्या नोंदीत आकडा आणि त्यावर क्लायंटचं एक वाक्य, त्यांच्याच शब्दांत, लिहिलं आहे का?

## पायरी ८: शेवटची तीन मिनिटं नात्याबद्दल

लक्षणांइतकंच आपल्यातलं नातंही मोजावं लागतं. त्यासाठी एसआरएस (सेशन रेटिंग स्केल) नावाचं छोटं मापन आहे: क्लायंटने खूण करायच्या १० सेंटिमीटरच्या चार रेघा, एकूण ४० गुण, आणि ३६ च्या खाली गेलं की त्याच वेळी बोलायचं. पण आपल्याकडे पहिल्या भेटीपासून ४० पैकी ४०च मिळतात. डॉक्टर, मास्तर आणि मॅडम यांच्या तोंडावर नापसंती दाखवायची नाही, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. म्हणून सुरुवातीचे ४० म्हणजे अजून मोकळेपणा आलेला नाही, असंच मी धरते.

"सेशन कसं वाटलं?" याला "छान" हेच उत्तर येणार. ज्यांना "छान" हे उत्तर बसतच नाही, असे प्रश्न विचारा. आज कुठली गोष्ट बोलायची राहिली? मी बोललेल्यातलं काय पटलं नाही? पुढच्या वेळी काय कमी करू? आणि उत्तर आलं की सफाई देऊ नका. एका काकूंनी मला सांगितलं, "तुम्ही फार लवकर उपाय सांगता." मी "बरं झालं सांगितलंत" एवढंच म्हटलं आणि पुढच्या भेटीला पहिली पंधरा मिनिटं फक्त ऐकलं. त्या तेराव्या भेटीपर्यंत आल्या.

## पायरी ९: चौथ्या भेटीला निर्णय

एका आठवड्याच्या चढउतारावर काही बदलू नका. दिवाळी, मुलाचा निकाल, पाळी, पगार न होणं, या सगळ्याने दोन-तीन गुण इकडेतिकडे होतात. पण चौथी भेट आधीच "निर्णयाची भेट" म्हणून वहीत लिहून ठेवा, आणि पुन्हा सहावी.

पीएचक्यू-९ साठी साधा नियम असा. चार ते सहा आठवड्यांत सुरुवातीपेक्षा ५ किंवा जास्त गुण उतरले तर चाललंय ते चालू द्या. २ ते ४ उतरले तर ते पुरेसं नाही, काहीतरी बदला. १ किंवा शून्य उतरला तर आहे तसं पुढे रेटणं चूक आहे. आणि कोणत्याही भेटीला ५ गुण वर गेले तर निर्णय चौथ्या भेटीपर्यंत थांबवू नका, त्याच आठवड्यात सुपरव्हायझरशी बोला.

काय बदलायचं, तेही क्रमानेच तपासा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे तंत्र बदलण्यापासून सुरुवात करणं. सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्याची थेरपी) चाललं नाही, आता माइंडफुलनेस (चालू क्षणाकडे लक्ष देण्याचा सराव), मग आणखी काही. त्याच्या आधी हे पाहा:

शरीर. थकवा, झोप, भूक आणि एकाग्रतेचे प्रश्नच वर अडकले असतील तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासून झाली आहे का? आपल्याकडच्या बायकांमध्ये रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे, की मी हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायला लागले.

दारू आणि झोपेच्या गोळ्या. स्वतःहून कोणी सांगत नाही. रोजच्या गोष्टीसारखं विचारा: "आठवड्यातून किती वेळा बसता?"

घरातली मारहाण. रोज मार खाणाऱ्या बाईचा आकडा सीबीटीतल्या विचार लिहायच्या तक्त्याने उतरणार नाही. आधी तिची सुरक्षितता. महिला हेल्पलाइन १८१. याबद्दल फक्त एकटीशी बोला, आणि हा नंबर कागदावर लिहून देण्याआधी घरी कागद कोण पाहतं ते विचारा.

नातं. पायरी ८ मधली उत्तरं पुन्हा वाचा.

ध्येय. आपण चिंतेवर काम करतोय आणि त्यांना मुळात सुनेशी बोलणं पुन्हा सुरू करायचं आहे, असं बरेचदा निघतं.

घरचा अभ्यास, म्हणजे दोन भेटींच्या मध्ये करायला दिलेलं काम. केला नाही, एवढीच नोंद पुरत नाही. कुठे अडलं? तीन पिढ्या एका खोलीत राहत असतील तर वही लिहायला जागाच नसते. मग वही सोडा, सकाळी पाणी भरताना मनात करता येईल असं काही द्या.

औषध. सुरुवातीलाच आकडा २० किंवा वर असेल, किंवा वरचं सगळं पाहूनही काही हलत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. चिठ्ठीत आलेखातले आकडे तारखांसह लिहा. "नैराश्य आहे, कृपया पाहावे" या ओळीने त्यांना काहीच कळत नाही. आणि पाठवलं म्हणून आपलं काम थांबवू नका. क्लायंटला वाटतं, मॅडमनी सोडून दिलं.

## पायरी १०: सुपरव्हिजनला आलेख आणि आवाज दोन्ही न्या

सुपरव्हिजनमध्ये आपण गोष्ट सांगतो, आणि गोष्टीत आपण बहुतेक बरोबरच असतो. म्हणून न उतरणारे दोन आलेख आधी टेबलावर ठेवायचे आणि मग बोलायचं.

हे कसं जमतं ते गोव्यात दिसलं आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगत या संस्थेने मानसिक आरोग्याचं व्यावसायिक शिक्षण नसलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. उपचार साधा आणि ठरलेला: सहा ते आठ भेटी आणि माणसाला रोजच्या कामांत, माणसांत पुन्हा आणणं. ४९५ जणांचा हा अभ्यास २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. तीन महिन्यांनी, पीएचक्यू-९ दहाच्या खाली आलेल्यांचं प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत ६४ टक्के होतं आणि ते न मिळालेल्यांत ३९ टक्के. या समुपदेशकांचं सुपरव्हिजन गटात चालायचं. सेशनचं ध्वनिमुद्रण सगळे मिळून ऐकायचे आणि ठरलेल्या मापनावर एकमेकांना गुण द्यायचे. पदवीपेक्षा हे एकमेकांचं ऐकणं आपण उचलायला हवं. तीन-चार समुपदेशक, आठवड्यातून दीड तास, एक ध्वनिमुद्रण. क्लायंटची लेखी संमती आधी, आणि ऐकून झालं की ध्वनिमुद्रण पुसायचं.

संस्थाचालकांना इशारा: आकडे पगाराशी, बढतीशी किंवा "या महिन्याचा उत्तम समुपदेशक" अशा कशाशीही जोडू नका. जोडलेत की अवघड केस कोणी घेणार नाही आणि फॉर्म आपोआप सुधारायला लागतील. तुम्ही पाहायचं ते वेगळं: किती सेशनमध्ये फॉर्म भरला गेला, कितींत त्यावर बोलल्याची नोंद आहे, पहिल्या चार भेटींत किती जण यायचे थांबले, आणि न उतरणाऱ्या आलेखांपैकी कितींत योजना बदलली. सुरुवात दोन समुपदेशक आणि फक्त नव्या क्लायंटपासून करा. जुन्या सगळ्या फायलींना एकदम फॉर्म लावायला गेलात तर महिनाभरात सगळे कंटाळतील.

## पायरी ११: थांबताना

आकडा एकदा ५ च्या खाली आला म्हणून केस बंद करू नका. लागोपाठ दोन-तीन भेटी खाली राहू द्या, आणि त्यांनी स्वतः सांगितलेलं ध्येय कुठे आहे ते विचारा. मग पंधरा दिवसांनी भेट, मग महिन्याने.

शेवटच्या भेटीत पहिला फॉर्म आणि आजचा फॉर्म शेजारी ठेवा. "परत त्रास सुरू झाला तर यातलं आधी काय बिघडेल?" असं विचारा. प्रत्येकाचं वेगळं असतं. कोणाची झोप जाते, कोणी फोन उचलायचं बंद करतं. त्या कंडक्टर काकांनी पटकन सांगितलं, "सकाळचा चहा मी एकटाच घ्यायला लागलो तर समजा." ते वाक्य, केंद्राचा नंबर आणि १४४१६ एका छोट्या कार्डावर लिहून त्यांच्या खिशात दिलं. तीन महिन्यांनी फोन करून तेच नऊ प्रश्न विचारले. बेरीज ४ आली, आणि मागून काकूंचा आवाज आला, "चहा निवतोय हो."